एका खेळांतील रिकाम्या जागा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केला. चारपांच मंडळींनीं टेबलाभोंवतीं बसावें, एकानें कथेचा सूत्रधार व्हावें, बाकीच्यांनीं एकेक पात्र घ्यावें, आणि कार्यसिद्धीची शंका असेल तेथें वीस बाजूंचा फांसा टाकून निकाल लावावा, असा त्याचा थाट आहे. अशा खेळाचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर एवढेंच कीं, कथेचा नायक कोणत्या जातीचा मनुष्य होऊं शकतो हा प्रश्न वाङ्मयाचाच आहे, आणि या खेळाच्या पुस्तकानें त्याचें उत्तर चक्क कोष्टकें मांडून दिलें आहे.

प्रत्येक पात्राला एक वर्ग असतो आणि त्या वर्गाच्या पोटांत एक पोटवर्ग. २०१४ सालच्या खेळाडूंच्या पुस्तकांत वर्ग १२ व पोटवर्ग ४० होते. पण त्यांतले ८ एकट्या विझर्डचे, म्हणजे पोथीपंडित मांत्रिकाचे, व ७ क्लेरिकचे, म्हणजे देवभक्ताचे. बार्ड, ड्रुइड वगैरे पांच वर्गांची बोळवण दोनदोनांवर झाली होती. २०२४ च्या पुस्तकानें सर्वांना चारचार देऊन बेरीज ४८ केली. पंक्तींत वाढप सारखें झालें हें खरें. पण जें पक्वान्न शिजलेंच नाहीं तें कोणाच्याच पानांत पडलें नाहीं.

सुचेल तो पोटवर्ग हवाच, असा आमचा आग्रह नाहीं. हौशी खेळाडूंच्या पुष्कळशा कल्पना केवळ रंगाच्या असतात: अग्नीचा एक मांत्रिक आहे, तर विजेचा एक हवा, बर्फाचा एक हवा. नांव घेतांच पोषाख डोळ्यांपुढें येतो, पण तें पात्र टेबलावर निराळें काय करील तें सांगतां येत नाहीं. पोटवर्गानें खेळाडूपुढें निराळा पेंच उभा केला पाहिजे. सॉर्सररचा वाइल्ड मॅजिक हा पोटवर्ग या कसोटीस उतरतो. तेथें मंत्र म्हणतांना कधीं कधीं शंभरांच्या कोष्टकावर फांसा टाकावा लागतो, आणि २०१४ च्या कोष्टकाप्रमाणें अग्निगोल स्वतःच्याच अंगावर फुटण्याचाही संभव असे. अशा मनुष्याचा हात मंत्रापूर्वीं क्षणभर अडखळतो. तें अडखळणें म्हणजेच त्याचा स्वभाव.

या कसोटीवर आम्हांस जी उणीव सर्वांत मोठी वाटते, ती मंत्राविना दुसऱ्याला उभें करणाऱ्या मनुष्याची. २००८ च्या चौथ्या आवृत्तींत वॉरलॉर्ड नांवाचा वर्ग होता. तो केवळ शब्दानें, धीर देऊन, पडलेल्या सोबत्याचे प्राणांक भरून काढी. २०१४ च्या पुस्तकानें त्याला वगळलें. २०२४ च्या बारांतही तो नाहीं. 'शब्दानें का जखम भरते?' हा त्याच्यावरील नेहमींचा आक्षेप. परंतु प्राणांक म्हणजे नुसतें रक्तमांस नव्हे, त्यांत मनाची तग, जगण्याची इच्छा आणि दैवही आलें, असें २०१४ चें पुस्तक स्वतःच सांगतें. मग धीराच्या शब्दानें जगण्याची इच्छा वाढूं नये काय? २०१५ मध्यें पर्पल ड्रॅगन नाइट या पोटवर्गानें थोडी वाट केली. हा योद्धा स्वतःचा दम परत मिळवितांना तीन सोबत्यांनाही थोडें बळ देई. पण तें त्याच्या दमाचें शेंपूट होतें, त्याचा व्यवसाय नव्हता.

वैद्याची कथा याहून गंमतीची. २०१४ च्या नियमांत पांच सुवर्णनाण्यांत औषधपेटी मिळे. तिचे दहा उपयोग. एका उपयोगानें मरणोन्मुख मनुष्य स्थिर होई. आतां ज्यांना मंत्राविना वैद्य व्हावयाचें होतें, त्यांतील चतुर मंडळी चोराचा वर्ग घेत. कारण चोराला चपळ हातांनीं पदार्थ वापरण्याची अधिक मुभा होती! वैद्याला चोराच्या वेषांत शिरावें लागतें, यावरून या ग्रंथकारांना काय दिसत नव्हतें तें दिसतें.

ड्रुइड हा निसर्गाचा उपासक. २०१४ मध्यें त्याच्या भूमिपंथाला आठ प्रदेश दिले होते: हिमप्रदेश, किनारा, वाळवंट, अरण्य, गवताळ रान, पर्वत, दलदल आणि पाताळ. पाताळ सुचलें, पण नांगरलेलें शेत सुचलें नाहीं. २०२४ मध्यें भूमीच्या जोडीला चंद्र, समुद्र व तारे आहेत. शेतकरी तेव्हांही बांधाबाहेरच. वस्तुतः पिकें वाढविण्याचा एक मंत्र दोन्ही पुस्तकांत आहे: आठ तास खर्चून तो म्हटला, तर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येंतील पीक वर्षभर दुप्पट येतें. एवढी शक्ति जवळ असलेला मनुष्य घर सोडून राक्षसांच्या विवरांत कां उतरतो? आणि पेरणीपर्यंत परतलों नाहीं तर काय, ही चिंता त्याला असेल कीं नसेल? एक सबंध पात्र या दोन प्रश्नांवर उभें राहिलें असतें.

राहिला बार्ड. नृत्य, मोहिनी, विद्या व शौर्य अशा त्याच्या २०२४ मधील चार शाळा. चारही उत्सवाच्या, मरणाशीं त्यांचा संबंध नाहीं. बार्ड हा शब्द ज्या केल्टिक जगांतून आला, त्यांतल्याच आयर्लंडांत मृताच्या उशाशीं विलापगीतें म्हणणाऱ्या स्त्रियांची परंपरा होती. या खेळांत मात्र तीनशें सुवर्णनाण्यांच्या हिऱ्यानें मिनिटाच्या आंत, आणि पांचशेंच्या हिऱ्यानें दहा दिवसांच्या आंत, मेलेला उठवितां येतो. त्यामुळें शोकाला नियम लागलाच नाहीं. पण ज्यांच्यापाशीं हिरा नाहीं त्यांचें काय? विलापाची शाळा काढली, तर तिच्या खेळाडूस पडलेल्या सोबत्याची एक आठवण सर्वांसमक्ष सांगावी लागेल. ती सांगून होईपर्यंत उरलेल्यांना भीति बाधणार नाहीं, आणि त्या बदल्यांत त्या मृताला पुन्हा उठवितां येणार नाहीं. दहावा दिवस सरत आला आहे, हिरा मिळेल कीं नाहीं तें ठाऊक नाहीं. गीत आतां म्हणावें कीं थांबावें, हें तिनें ठरवावयाचें.