हवामानबदलाच्या भाषणातला ‘आपण’ कोण?

पृथ्वी तापते आहे. १८५०–१९०० या काळाच्या तुलनेत तिचे सरासरी तापमान एक अंश सेल्सिअसहून अधिक वाढले आहे. याविषयी वाद नाही. वाद आहे तो हा धोका समाजाला सांगणाऱ्यांच्या भाषेशी. ‘आपण सर्वांनी निसर्गावर अन्याय केला’, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. या वाक्यातला ‘आपण’ कोण?

महाराष्ट्र शासनाने २०२० साली ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. त्याची मांडणी पंचमहाभूतांवर आधारलेली. परंतु त्यांतले पाणी तरी सर्वांचे होते काय? ते सर्वांचे आहे, एवढे सिद्ध करण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. हा इतिहास वगळून ‘वसुंधरा माझी’ म्हणणे सोपे असते.

नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून ही भाषा देशभर गेली. अण्णा हजारे यांच्या राळेगणसिद्धीची भाषा बंदीची : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी. तिने उजाड माळ हिरवे केले, हे मान्यच केले पाहिजे. पण चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. बागायतदाराच्या गोठ्यात त्याच्याच शेतातला चारा येतो. भूमिहीनाची शेळी गायरानावर जगते. जमिनीत मुरलेले पाणी मात्र ज्याची विहीर त्याचे.

हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांची रीत अधिक समर्थ आहे. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवायचा, त्यावरून पिके ठरवायची. येथे उपदेशाची जागा हिशेबाने घेतली. उपदेश निमूटपणे ऐकायचा असतो; हिशेबाला जाब विचारता येतो. म्हणूनच विचारले पाहिजे : ऊन वाढले म्हणून शेतमजुराची जी मजुरी बुडते, तिचा रकाना या ताळेबंदात कधी येणार?

१९७२ च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळला. तेव्हा खडी फोडणाऱ्या मजुरांनी निसर्गाची क्षमा मागितली नाही. काम मागितले, दाम मागितला. त्या काळाच्या रेट्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. संकटाची भाषा हक्काची भाषा झाली, की तिचा कायदा होतो. ती नुसत्या पश्चात्तापाची राहिली, तर शपथा होतात, सत्कार होतात आणि उन्हात उभा असलेला माणूस उन्हातच राहतो.