यकृतावरचा वण आणि मूलपेशींचा दावा

मधुमेहामुळे यकृतावर पडलेले वण मूलपेशींच्या, म्हणजेच स्टेम सेलच्या, इंजेक्शनाने भरून येतात, असा दावा अलीकडे जाहिरातींत दिसतो. वाशिम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावात असा मजकूर कोणाच्या मोबाइलवर आला, की ‘गुरुजी, हे खरं आहे का?’ हा प्रश्न शाळेपर्यंत येणारच. विचारणाऱ्याच्या घरी रुग्ण असतो आणि उपचारासाठी विकता येईल असे एखादे एकर शेत असते. म्हणून हा दावा बारकाईने तपासायला हवा.

प्रथम वण पडतो कसा, ते पाहू. प्रौढ वयातल्या मधुमेहात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. चरबीच्या ऊतींतून मेदाम्ले रक्तात जास्त सुटतात व यकृतात साठतात. काहींच्या यकृताला त्यामुळे सूज येते. यकृतात तारकेच्या आकाराच्या पेशी असतात. कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये त्यांचे वर्णन केले. एरवी ‘अ’ जीवनसत्त्व साठवणाऱ्या या पेशी सूज टिकून राहिली की कोलॅजेनचे तंतू तयार करू लागतात. हाच वण. तो वर्षानुवर्षे वाढला की यकृत कडक व गाठाळ होते. त्याला सिरोसिस म्हणतात.

दाव्याचा आधार बहुधा उंदरांवरील प्रयोगांचा असतो. कार्बन टेट्राक्लोराइड देऊन उंदराच्या यकृतावर वण पाडतात, मग मूलपेशी टोचतात आणि वण कमी झालेले दिसतात. निरीक्षण खोटे नाही. पण हे विष देणे नुसते थांबवले, तरी उंदराचे यकृत काही आठवड्यांत पुष्कळसा वण आपण होऊन जिरवते. तेव्हा विष थांबवले पण पेशी दिल्या नाहीत, अशा उंदरांशी तुलना हवी. चांगल्या शोधनिबंधात ती असते. जाहिरातीत नेमकी तीच गळते. शिवाय उंदराचा काही आठवड्यांचा वण आणि माणसाचा वीस वर्षांचा वण यांना एकाच मापाने मोजणे मला तरी पटत नाही.

माणसांवर तुलना झालेली आहे. ब्रिटनमधील तीन रुग्णालयांत निरनिराळ्या कारणांनी सिरोसिस झालेल्या ८१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्तात आणणारे औषध, तिसऱ्याला ते औषध आणि स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या मूलपेशी. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. यकृताचे काम सुधारले नाही, वणही कमी झाले नाहीत. उलट पेशी दिलेल्यांत गंभीर त्रास अधिक आढळले.

मूळ कारण रोज चालू असताना वरून पेशी टाकून काय साधणार, हा माझा खरा आक्षेप आहे. क्यूबातील एका अभ्यासात (२०१५) २९३ रुग्णांना वर्षभर आहार व व्यायाम सांभाळायला लावले. ज्यांचे वजन दहा टक्के किंवा अधिक उतरले, त्यांच्यापैकी ४५ टक्के लोकांचे वण कमी झाले. या अभ्यासातही तुलनेचा गट नव्हता, आणि एवढे वजन साधारण दहांतून एकालाच उतरवता आले, हेही सांगितले पाहिजे. मात्र वजन जितके जास्त उतरले, तितका फायदा अधिक दिसला.

‘आमचा माणूस तर काटकुळा आहे’ असे कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या शरीरातही चरबीचे प्रमाण बरेच असू शकते. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वर्गात सांगण्यासारखे हे उदाहरण आहे.

मूलपेशींना नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जेचे रोपण हा मान्य उपचार आहे. पण २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे असे काही विकार सोडले, तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. गुरुजींनी विचारणाऱ्याला आधी नोंदणी क्रमांक आणायला सांगावे. दरम्यान रुग्णाला सरकारी दवाखान्यात न्यावे. चरबीयुक्त यकृताचा समावेश केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात केला आहे, आणि कंबरेचे माप आशाताईही घेतात.