समविचारींची वसती : एका उपपत्तीचे परीक्षण

मनुष्य अमुक ठिकाणी का राहतो, याची कारणे सामान्यतः रोजगार, घराची किंमत आणि आप्तसंबंध यांत शोधली जातात. शेजाऱ्यांची राजकीय मते हेही त्यांपैकी एक कारण असावे, या विचाराला अमेरिकेत व्यापक प्रसिद्धी मिळाली ती बिल बिशप या पत्रकाराच्या ‘द बिग सॉर्ट’ या २००८ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथामुळे. ग्रंथातील संख्याशास्त्रीय भाग रॉबर्ट कुशिंग यांच्या साहाय्याने सिद्ध झाला आहे. या ग्रंथावर पुढील काळात जी टीका झाली, ती विचारात घेऊन त्याच्या मध्यवर्ती उपपत्तीची तपासणी करणे अगत्याचे आहे. कारण वसतिस्थान आणि राजकीय सहिष्णुता यांच्या संबंधाविषयीचा एक मूलभूत घोटाळा तिच्यात दडलेला आहे.

बिशप यांचे प्रमुख प्रमाण असे आहे. आपल्याकडील जिल्ह्याशी ढोबळमानाने तुलना करता येईल अशा ‘काउंटी’ या घटकांत संयुक्त संस्थाने विभागलेली आहेत. ज्या काउंटीत अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला दुसऱ्याहून शेकडा २० किंवा अधिक मतांची आघाडी मिळाली, तिला बिशप एकतर्फी मानतात. १९७६ च्या निवडणुकीत अशा काउंट्यांत सुमारे एक चतुर्थांश मतदार राहत होते. २००४ मध्ये हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर गेले. दोन्ही निवडणुका राष्ट्रीय पातळीवर चुरशीच्या झाल्या होत्या, म्हणून तुलना सकृद्दर्शनी समर्पक वाटते. यावरून बिशप असे अनुमान काढतात की, स्थलांतराची मोकळीक लाभलेल्या अमेरिकनांनी आपल्या राहणीला, धर्माचरणाला आणि अभिरुचीला अनुकूल अशी गावे निवडली. त्या निवडीबरोबर राजकीय मतेही एकत्र आली, आणि समविचारींच्या सहवासात ती अधिक कडवी झाली.

तथापि वरील आकड्यांनी फलित दिसते, कारण दिसत नाही. एखादी काउंटी एकतर्फी होण्याचे मार्ग किमान तीन आहेत : लोक येतात-जातात, राहणारे लोक मत बदलतात, जुनी पिढी जाऊन नवी पिढी मतदार होते. अमेरिकेच्या दक्षिण भागाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मतदान-हक्काचा कायदा झाल्यानंतरच्या दशकांत तेथील गौरवर्णीय मतदारांचा मोठा भाग डेमोक्रॅटिक पक्षाकडून रिपब्लिकन पक्षाकडे वळला. या परिवर्तनासाठी कोणालाही घर बदलावे लागले नाही. ग्रेगरी मार्टिन व स्टीव्हन वेबस्टर यांच्या २०२० मधील अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे : भौगोलिक ध्रुवीकरणाचा उलगडा स्थलांतराने फारच थोडा होतो, उलट नव्या ठिकाणचे वातावरण तेथे आलेल्या मतदाराचा पक्ष काही अंशी बदलते.

सॅम्युएल एब्रॅम्स आणि मॉरिस फायोरिना यांनी २०१२ मध्ये घेतलेला आक्षेप मापनाविषयी आहे. अध्यक्षपदाचे मतदान उमेदवारागणिक बदलते, म्हणून त्यावरून स्थायी पक्षनिष्ठा मोजता येत नाही. मतदारांच्या पक्षवार नोंदणीचे आकडे घेतल्यास बिशप यांचे चित्र टिकत नाही, असे त्यांनी दाखविले. काउंटी हा घटकही अत्यंत विषम आहे. लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या सुमारे १ कोटी, तर टेक्सासमधील लव्हिंग काउंटीची २०२० च्या शिरगणतीत शंभराहूनही कमी. पहिलीला शेजार म्हणणे भाषेचा दुरुपयोग ठरेल.

परंतु या खंडनावरून मतदारांचे विलगीकरणच नाही असे म्हणणेही साहसाचे होईल. जेकब ब्राउन व रायन इनॉस यांनी २०२१ मध्ये १८ कोटी मतदारांच्या निवासस्थानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. असंख्य मतदारांच्या निकटच्या शेजारात विरुद्ध पक्षाचे लोक जवळजवळ नसतात आणि एकाच वस्तीतही ही विभागणी आढळते, असे त्यांना दिसून आले. सारांश, बिशप यांचे निरीक्षण त्यांच्या प्रमाणाहून अधिक बळकट आहे. दुर्बल आहे ती त्यांची कारणमीमांसा. जोनाथन ममोलो व क्लेटन नॉल यांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार लोकांना समविचारी शेजार आवडतो खरा, पण प्रत्यक्ष घर घेताना किंमत, शाळा आणि सुरक्षितता यांचेच पारडे जड ठरते. थॉमस शेलिंग यांनी तर १९७१ मध्येच दाखवून दिले होते की, व्यक्तींची पसंती सौम्य असली तरी समूहाचे विलगीकरण तीव्र होऊ शकते. म्हणून नकाशावरील विभागणीवरून मनातील द्वेषाचे माप घेता येत नाही.

येथेच मूळ घोटाळा स्पष्ट होतो. बिशप आवडीला आणि सहिष्णुतेला एकाच मापाने मोजतात. सॅम्युएल स्टाउफर यांनी १९५४ मध्ये सहा हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून पुढील वर्षी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा भेद नीट सांभाळलेला आहे. साम्यवाद्याला आपल्या गावात भाषण करू द्यावे काय, त्याचे पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावे काय, असे त्यांचे प्रश्न होते. सहिष्णुतेचा प्रश्न नावडत्या माणसाविषयीच उद्भवतो. आवडत्यांमध्ये राहणाऱ्याची परीक्षा अद्याप झालेलीच नसते.

१९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय नागरिक दक्षिण सोडून उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेले. वेतनाचे आकर्षण होतेच. पण मताधिकाराचा अपहार आणि झुंडीच्या हत्यांचे भय हीही त्या स्थलांतराची कारणे होती. स्थानिक राजकीय वातावरण माणसाचे वसतिस्थान कसे ठरविते, याचे याहून ठळक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात विरळाच. आवडीने गेलेला आणि भयाने गेलेला, हे दोघेही बिशप यांच्या गणनापद्धतीत एकाच रकान्यात पडतात. आणि शेकडा ७० विरुद्ध ३० अशा काउंटीतले जे ३० जागीच राहिले, त्यांची स्थिती तर तीत उमटतच नाही. ते सभेत बोलतात की गप्प बसतात, हे मतमोजणी सांगू शकत नाही.

डायना मट्झ यांचा २००६ मधील ग्रंथ या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे. विरुद्ध मताच्या सहवासाने सहिष्णुता वाढते, पण त्याच सहवासाने राजकीय कार्यातील सहभाग मंदावतो, असे त्या दाखवितात. मिश्र वस्ती हा निर्भेळ लाभ नव्हे, आणि समविचारींची वस्ती ही केवळ हानी नव्हे.

कारणमीमांसेच्या या चुकीचे परिणाम व्यावहारिक आहेत. दोष स्थलांतराचा मानला, तर उपाय उरत नाही. स्वतंत्र देशात कोणी कोठे राहावे हे ठरवून देता येत नाही. अल्पमतातील रहिवाशाला निर्भयपणे राहता व बोलता येते की नाही, ही कसोटी मानली, तर प्रश्न ग्रंथालयाच्या, शाळेच्या आणि नगरसभेच्या कक्षेत येतो, आणि तेथे त्यावर काही करता येते. ‘द बिग सॉर्ट’ने एका खऱ्या घटनेकडे लक्ष वेधले, हे श्रेय त्याला द्यावयास हवे. परंतु पुढील संशोधनाचा विषय गाव सोडून गेलेल्यांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विरोधी वातावरणात मागे राहिलेला मनुष्य असावयास हवा.