दुर्मीळ ते सगळंच थोर?

पंक रॉकचा भर १९७७ नंतर ओसरू लागला, पण त्याने दिलेला एक धीर टिकून राहिला. वाद्य नीट वाजवता येत नसलं तरी आपलं गाणं आपण करावं आणि आपणच छापावं, हा तो धीर. पंकवाल्यांनी तो गिटारवर दाखवला. त्यांच्या मागून आलेल्या काहींना गिटारच जुनी वाटू लागली आणि त्यांनी स्वस्तातला सिंथेसायझर घरी आणला. १९७८ ते १९८५ या वर्षांत लंडन, शेफील्ड, ब्रुसेल्स, ल्यों, सिनसिनाटी अशा शहरांतल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये या वाद्यांवर जे संगीत तयार झालं, ते त्या वेळी फार थोड्यांच्या कानांवर गेलं. कुणाच्या रेकॉर्डच्या काहीशे प्रती निघाल्या, कुणाच्या नुसत्या कॅसेट्स, घरीच कॉपी करून टपालाने पाठवलेल्या.

गेल्या वीस वर्षांत हे सगळं पुन्हा बाहेर आलं आहे. मिनिमल सिंथ, मिनिमल वेव्ह, कोल्ड वेव्ह या नावांखाली त्याचे संग्रह निघतात, नवी मंडळी तसंच वाजवू पाहतात. हे संगीत मला मनापासून आवडतं, आणि म्हणूनच एक तक्रार नोंदवावीशी वाटते. शोध ज्या नेटाने झाला, त्या नेटाने ऐकणं झालेलं नाही. सापडली त्या प्रत्येक कॅसेटला ‘हरवलेला ठेवा’ म्हणायची सवय लागली आहे आणि खरोखर मोठ्या कामाचं त्यात नुकसान होतं आहे.

आधी वाद्यांकडे पाहायला हवं, कारण या संगीताचा घाट तिथून आला. सत्तरीच्या सुरुवातीला सिंथेसायझर हे श्रीमंत रॉकवाल्यांचं आणि विद्यापीठांचं वाद्य होतं. मग कोर्ग, रोलँड, यामाहा या जपानी कंपन्यांनी आटोपशीर वाद्यं काढली. कोर्गचे एमएस-१० आणि एमएस-२० हे १९७८ मधले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ‘वास्प’ आला, काळ्या-पिवळ्या प्लास्टिकचा, दोनशे पौंडांच्या आसपास मिळणारा. त्याच्या पट्ट्या दाबल्या जात नसत, नुसत्या बोटाच्या स्पर्शाने सूर उमटायचा. या सगळ्या वाद्यांची एक अट समान होती : एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी वाजणार एकच. म्हणजे कॉर्ड नाहीत, आणि कॉर्ड नाहीत म्हटल्यावर पाश्चात्त्य पॉपचा अर्धा संसारच बाद होतो. त्यात टेपवर ट्रॅक चार. एक ठेक्याला, एक खर्जाला, एक धुनेला, एक आवाजाला. टिॲकने १९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारा पोर्टास्टुडिओ काढला, तेव्हा स्टुडिओचं भाडंही वाचलं. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील अशी मिडीची सोय १९८३ मध्ये आली. तोपर्यंत ठेका आणि धून यांची वेळ जुळवणं ही ज्याची त्याची खटपट होती. अनेक ठिकाणी यंत्रासारखी वाटणारी ओळ प्रत्यक्षात हाताने वाजवलेली असते आणि तिचा किंचित सैलपणा कानाला कळतो.

डॅनियल मिलर हा लंडनचा फिल्म एडिटर. त्याने ‘द नॉर्मल’ या नावाने १९७८ मध्ये एकच सिंगल काढलं. त्याची दुसरी बाजू ‘वॉर्म लेदरेट’ ही या सगळ्या परंपरेची पायरी मानली जाते आणि तो मान तिला शोभतो. जे. जी. बॅलार्डच्या ‘क्रॅश’ या १९७३ च्या कादंबरीवरून, मोटारीच्या अपघातातल्या वासनेवरून सुचलेलं हे गाणं. वाद्य एकच, वापरलेला कोर्ग ७००एस. ड्रमच्या जागी त्याच वाद्यातून काढलेला कोरडा फटका, त्यावर गाडीच्या यंत्रासारखी घरघर आणि मध्येच घुसणारा एक तीक्ष्ण आवाज. गाणं कुठेही चढत नाही, उतरत नाही. मिलर गातही नाही, माहितीपत्रक वाचावं तसं सपाट बोलत जातो. या सपाटपणामुळेच विषयातली भयानकता अंगावर येते. भावना ओतून हेच शब्द गायले असते तर ते नाटकी झाले असते. ग्रेस जोन्सने १९८० मध्ये हे गाणं घेतलं, त्यावर आपल्या अल्बमचं नाव ठेवलं. तिचं गाणं देखणं आहे, पण पूर्ण वाद्यवृंद आल्यावर त्यातली धास्ती निघून गेली. मिलरने हे सिंगल विकण्यासाठी जे लेबल नावापुरतं काढलं ते म्यूट, पुढे डिपेश मोडचं घर झालेलं.

त्याच वर्षी शेफील्डच्या ह्यूमन लीग या बँडने एका पडक्या कारखान्यातल्या खोलीत ‘बीइंग बॉइल्ड’ केलं. रेशमासाठी किडे जिवंत उकळले जातात, हा त्याचा विषय, आणि त्यात बुद्धाचा हवाला. आजही ते ऐकताना पॉप गाण्याला असा विषय सुचावा याचं नवल वाटतं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो टॉमस लीर. स्कॉटलंडच्या पोर्ट ग्लासगोहून तो आणि त्याचा मित्र रॉबर्ट रेंटल लंडनला आले आणि १९७८ मध्ये दोघांनी आपापलं एकेक सिंगल स्वतः छापलं. लीरचं ‘प्रायव्हेट प्लेन’ त्याने आपल्या खोलीतच रेकॉर्ड केलं. जवळच मैत्रीण झोपलेली, तिची झोप मोडू नये म्हणून तो जवळजवळ कुजबुजत गायला. पुढच्या किती तरी गायकांनी ही कुजबुज शैली म्हणून उचलली, पण लीरच्या आवाजात जो संकोच आणि जी जवळीक आहे ती त्या खोलीतून आलेली आहे. खाली टेपची खरखर, मागे जरा बेसूर होत जाणारा सिंथ, आणि तरीही गाण्याला एक गोड, लक्षात राहणारी चाल. या मंडळींना चाल बांधता येत नव्हती असा जो समज आहे, तो या एका गाण्याने खोटा ठरतो. दोघांनी मिळून १९७९ मध्ये केलेला ‘द ब्रिज’ थ्रॉबिंग ग्रिसल या बँडच्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स या लेबलने काढला. त्याची एक बाजू गाण्यांची, दुसरी वाद्यांची.

युरोपात हे लोण झपाट्याने पसरलं. ड्युसेलडॉर्फच्या डाफ या बँडने सिक्वेन्सरच्या, म्हणजे ठरवून दिलेली सुरावट आपोआप वाजवणाऱ्या यंत्राच्या, एका ओळीवर खराखुरा ड्रम आणि घामट आवाज ठेवला. त्यांचा १९८१ चा ‘आलेस इस्ट गूट’ आजही नाचायला लावतो. बेल्जियममध्ये ॲब्सोल्यूट बॉडी कंट्रोल आणि आलँ नेफचं इन्सेन म्युझिक, नेदरलँड्समध्ये डॅनी बॉस्टेन यांचं डास डिंग, या सगळ्यांचा कारभार मुख्यतः कॅसेटवर चालला. फ्रान्सचा रंग वेगळा. नान्सीच्या कास प्रोडक्टमधली मोना सोयोक यंत्रांच्या कडक ठेक्यावर जॅझ गायिकेसारखी मोकळी गाते आणि १९८२ चा ‘ट्राय आउट’ तिच्यामुळे उभा राहतो. ल्योंच्या द्यो या जोडीत कॅती तेत आणि जेरार पेल्तिए यांचे आवाज एकमेकांशी बोलल्यासारखे येतात. अमेरिकेत सिनसिनाटीचा जॉन बेंडर अगदी एकटा काम करत होता. त्याच्या १९८० च्या पहिल्या रेकॉर्डवरच्या गाण्यांना नावंसुद्धा नाहीत, टेपवर खूण करावी तसे आकडे आणि अक्षरं आहेत.

या विखुरलेल्या कामाला एकत्र आणण्याचं मोठं श्रेय न्यूयॉर्कच्या व्हेरोनिका वासिका यांना जातं. ईस्ट व्हिलेज रेडिओवर त्या ही गाणी लावत आणि २००५ मध्ये त्यांनी मिनिमल वेव्ह हे लेबल काढलं. लेबलचं नाव पुढे प्रकाराचंच नाव झालं. पहिलं प्रकाशन होतं ओपनहायमर ॲनालिसिसचं. अँडी ओपनहायमर आणि मार्टिन लॉइड या लंडनच्या जोडीने १९८२ मध्ये ‘न्यू मेक्सिको’ नावाची कॅसेट केली होती. न्यू मेक्सिको म्हणजे जिथे १९४५ मध्ये पहिली अणुचाचणी झाली ते राज्य. ब्रिटिश सरकारने १९८० मध्येच अणुहल्ला झाला तर घरात कसं तगायचं याची पुस्तिका जनतेसाठी काढली होती. त्या हवेत ही गाणी झाली. त्यातल्या ‘रेडियन्स’मध्ये घोषणा नाही, आक्रोश नाही, स्वच्छ चकाकणारी एक सिंथची ओळ आहे आणि तिच्यावर सभ्य, शांत आवाज. नाचता येईल इतकं ते हलकं आहे, आणि विषय कळला की तेच हलकेपण बोचतं. अँडी ओपनहायमर पुढे अण्वस्त्रांचा अभ्यासक म्हणूनच ओळखला गेला. हे काम परत आलं नसतं तर शीतयुद्धाच्या पॉप संगीताचं चित्र अपुरं राहिलं असतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या डार्क एंट्रीज या लेबलने २०१७ मध्ये पुन्हा काढलेला सॉलिड स्पेसचा ‘स्पेस म्युझियम’ही असाच. १९८२ ची ही कॅसेट लंडनच्या दोन तरुणांची, नाव ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या एका कथेवरून घेतलेलं. सिंथच्या बरोबरीने साधी गिटार आहे, आवाज कोवळे आहेत. अंतराळाच्या गोष्टी सांगता सांगता ही मुलं आपल्या एकटेपणाविषयी बोलतात. या संगीताला सरसकट थंड आणि भावनाशून्य म्हणणाऱ्यांनी ही कॅसेट ऐकावी.

आता तक्रारीकडे येतो. चांगल्या लेबलांनी निवड केली, कलाकारांना शोधून काढून त्यांच्या संमतीने मूळ टेपवरून काम केलं, सोबत माहिती छापली. पण त्यांच्या यशानंतर अशी किती तरी प्रकाशनं आली ज्यांचा एकमेव गुण म्हणजे मूळ प्रत मिळत नाही. मी अशा पुष्कळ कॅसेट्स ऐकल्या आहेत. सिक्वेन्सर लावून दिला आहे, ड्रम मशिन चालू आहे, पाच मिनिटं काही घडत नाही, आणि वर जोय डिव्हिजनच्या इयन कर्टिसची नक्कल करणारा आवाज. साधनं कमी असणं एवढ्याने गाण्याला धार येत नाही. बेंडरच्या गाण्यातही तीच ओळ पुन्हा पुन्हा येते, पण दर फेरीला तो फिल्टर जरासा उघडतो, प्रतिध्वनी लांबवतो, आणि आपण त्या बदलाची वाट पाहू लागतो. एकच सुरावट दहा वेळा ऐकवायची तर दहाव्या वेळी तिच्यात काय नवं दिसेल याचा विचार कलावंताने केलेला असावा लागतो. रागसंगीतावर कान तयार झालेल्या मराठी श्रोत्याला हे पटवून द्यावं लागू नये. कॉर्डशिवायची एकच ओळ आणि तिच्याखाली स्थिर आधार हे आपल्याला परकं नाही. त्यातलं भरीव आणि पोकळ आपण लवकर ओळखू शकतो.

दुर्मीळतेच्या चष्म्यातून पाहिलं की काय होतं याचं एक उदाहरण मुंबईतलं आहे, जरी त्याचा पंकशी संबंध नाही. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. रोलँडची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रं आणि भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग. रेकॉर्ड चालली नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली. त्यानंतर जगभर चर्चा झाली ती एकाच मुद्द्याची, की शिकागोच्या १९८७ च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ या ॲसिड हाउस रेकॉर्डच्या आधी हा आवाज मुंबईत निघाला होता. राग कसे मांडले आहेत, ठरलेल्या ठेक्यावर ललतची बढत कुठे गुदमरते आणि भैरव कुठे खुलतो, याविषयी फारसं कोणी बोललं नाही. खरं तर ते बोलायला आपणच पुढे व्हायला हवं होतं. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले.

आजच्या नव्या कामाविषयी थोडक्यात. कोर्गने २०१३ मध्ये एमएस-२० लहान आकारात पुन्हा बाजारात आणला. जुन्या यंत्रांच्या नकला मुबलक मिळतात आणि संगणकावर हवे तितके ट्रॅक आहेत. त्यामुळे तो आवाज काढणं सोपं झालं आहे आणि बहुतेकांचं काम आवाजाशीच थांबतं. न्यूयॉर्कचे झीनो अँड ओकलँडर अपवाद, कारण ते जुन्या यंत्रांच्या अडचणी मान्य करून मंचावर प्रत्यक्ष वाजवतात. मिन्स्कच्या मोल्चात दोमा या बँडचं ‘सुद्नो’ २०२० मध्ये टिकटॉकमुळे जगभर गेलं. लाखो मुलांनी त्याचे काही सेकंद ऐकले, पण त्याचे शब्द बोरिस रिझी या रशियन कवीच्या कवितेचे आहेत आणि ते निराशेने काठोकाठ भरलेले आहेत, हे किती जणांपर्यंत पोचलं असेल?

ज्यांना या संगीतात शिरायचं आहे त्यांना माझी विनंती एवढीच : तीस बँडचं एकेक गाणं घेतलेल्या संग्रहांपासून सुरुवात करू नका. ‘न्यू मेक्सिको’ घ्या, ‘स्पेस म्युझियम’ घ्या, कास प्रोडक्टचा ‘ट्राय आउट’ घ्या. तिन्ही आज सहज मिळतात. प्रत्येक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, शब्द समजून घ्या, आणि मगच चौथं नाव शोधायला निघा.