संख्या आणि वाचा : क्लिंगॉन व्याकरणातील संख्यावाचके आणि नामप्रत्यय

कल्पित भाषेचे व्याकरण हे भाषाशास्त्रीय लेखन मानावे की ललित लेखन, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासात क्वचितच उपस्थित केला जातो. अशा भाषांकडे एकतर करमणुकीचा विषय म्हणून पाहिले जाते किंवा नियमांचा कृत्रिम संच म्हणून. मार्क ओक्रँड यांच्या ‘द क्लिंगॉन डिक्शनरी’ (१९८५) या ग्रंथातील नाम आणि संख्या यांविषयीची प्रकरणे वाचली असता या दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात. ओक्रँड हे व्यवसायाने भाषावैज्ञानिक. कॅलिफोर्नियातील मुत्सुन या आदिवासी भाषेचे व्याकरण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता (१९७७). ‘स्टार ट्रेक ३ : द सर्च फॉर स्पॉक’ (१९८४) या चित्रपटासाठी त्यांनी क्लिंगॉन या युद्धप्रिय परग्रहवासी समाजाची भाषा रचली. पडद्यावर त्या समाजाचे जे चित्र दिसते, त्याहून सूक्ष्म चित्र या भाषेच्या प्रत्ययांत दडलेले आहे. (येथे क्लिंगॉन शब्दांतील कंठ्य स्पर्श अवग्रहाने दाखविला आहे.)

क्लिंगॉन नामाला लागणारे प्रत्यय पाच वर्गांत विभागलेले आहेत. पहिल्या वर्गात लहानमोठेपणा, दुसऱ्यात अनेकवचन, तिसऱ्यात वक्त्याची खात्री वा शंका, चौथ्यात स्वामित्व व निर्देश आणि पाचव्यात वाक्यातील कार्य, म्हणजे आपल्याकडील विभक्तीसारखे संबंध, व्यक्त होतात. एका नामाला एका वर्गातील एकच प्रत्यय लागतो आणि वर्गांचा क्रम बदलत नाही. उदाहरणार्थ, ‘डुज’ म्हणजे जहाज. त्यापासून ‘डुज-मेय-क़ोक़-लिज-डाक़’, म्हणजे ‘तुझ्या तथाकथित जहाजांवर’, असे रूप सिद्ध करता येते. मराठीत ‘जहाजांवर’ म्हणताना अनेकवचन सामान्यरूपात मिसळून जाते. क्लिंगॉनमध्ये मूळ नाम अविकृत राहते आणि प्रत्येक अर्थ सुटा दिसतो. उपहासालाही येथे व्याकरणात निश्चित जागा आहे : ‘रोज’ म्हणजे शांतता, तर ‘रोजक़ोक़’ म्हणजे नावापुरती शांतता.

अनेकवचनाचा वर्ग सर्वांत अर्थपूर्ण आहे. भाषा वापरू शकणाऱ्या जीवांसाठी ‘पुऽ’, शरीराच्या अवयवांसाठी ‘डुऽ’ आणि उरलेल्या सर्वांसाठी ‘मेय’ असे तीन प्रत्यय आहेत. ‘पुक़’ म्हणजे मूल. ‘पुक़पुऽ’ म्हणजे मुले. ‘पुक़मेय’ हे रूप मात्र इतस्ततः विखुरलेल्या मुलांचे चित्र उभे करते. अवयवांना ‘मेय’ लावणे नियमबाह्य आहे. पण क्लिंगॉन कवी विशिष्ट भाववृत्ती जागविण्यासाठी हा नियम मोडतात आणि विद्यार्थ्याने मात्र तो पाळावा, असे ओक्रँड नमूद करतात. हे विधान करताना व्याकरणकाराने एका वाक्यात एक काव्यपरंपराच कल्पिली आहे. येथे व्याकरणग्रंथ उघडपणे कथात्म होतो.

‘पुऽ’ आणि ‘मेय’ यांतील भेद स्वामित्वातही दिसतो. वस्तूसाठी ‘माझा’ म्हणजे ‘विज’, बोलणाऱ्या जीवासाठी ‘विऽ’. ‘जोख़विऽ’ म्हणजे ‘माझे स्वामी’. त्याऐवजी ‘जोख़विज’ म्हणणे व्याकरणदृष्ट्या शक्य असले तरी ते जवळजवळ निषिद्ध आहे, कारण त्यात स्वामी वस्तूच्या पंक्तीला बसतो. येथे प्रत्ययाची चूक म्हणजे अपमान होय.

संख्यावाचके मात्र या भेदापासून अलिप्त आहेत. ‘लोष’ म्हणजे चार. मुले असोत वा शस्त्रे, शब्द तोच. संख्या सांगितली की अनेकवचनी प्रत्यय ऐच्छिक होतो : ‘लोष पुक़’ आणि ‘लोष पुक़पुऽ’ ही दोन्ही रूपे शुद्ध. स्थान मात्र अर्थ बदलते. ‘वाऽ डुष’ म्हणजे टॉर्पेडो सोडण्याची एक नळी. ‘डुष वाऽ’ म्हणजे क्रमांक एकची नळी. क्रमवाचक ‘डिच’ लागलेला शब्दही नामानंतर येतो. ‘प्रकरण पहिले’, ‘अध्याय नववा’ या मराठी रचनांशी हे साम्य लक्षणीय आहे. आवृत्तीसाठी ‘लोग़’ लागतो, तो आपल्या ‘एकदा’, ‘दोनदा’ यांतील ‘दा’सारखा.

याच ठिकाणी तुलना फलदायी ठरते. मराठीत ‘दोघे’, ‘दोघी’, ‘तिघे’, ‘चौघे’ ही संख्यावाचके माणसांसाठी राखून ठेवलेली आहेत. ‘दोन भाऊ’ आणि ‘दोघे भाऊ’ दोन्ही चालते, पण ‘दोघी खुर्च्या’ चालत नाही. तमिळमधील ‘ओरुवर’, ‘इरुवर’ हे शब्दही असेच मनुष्यवाचक आहेत आणि तोल्काप्पियम्‌ने ‘उयर्तिणै’ व ‘अह्रिणै’ असा नामांचा मूलभूत विभाग मानला आहे. या भाषांत माणूसपण संख्येपर्यंत पोचते. क्लिंगॉनमध्ये मोजणी सर्वांना सारखीच लेखते आणि भेद करण्याचे काम प्रत्ययांवर सोपविले जाते.

संख्यापद्धतीलाही ओक्रँड यांनी इतिहास दिला आहे. क्लिंगॉन लोक पूर्वी तीनच्या पटीत मोजत. नऊच्या पुढे ही मोजणी क्लिष्ट होई. पुढे साम्राज्याने दशमान पद्धत स्वीकारली, तीही सहकार्यापोटी नव्हे, तर बहुधा इतरांचे शास्त्रीय ज्ञान समजावे म्हणून. ही योजना चतुर असली तरी येथेच कल्पनेची मर्यादा उघड होते. ‘वाऽमाख़’ म्हणजे दहा, ‘वाऽवात्ल्ह’ म्हणजे शंभर : प्रचलित रचना इंग्रजी वाचकाला सहज पेलते आणि मराठीतील ‘एकोणीस’, ‘त्र्याण्णव’ यांसारखे काळाने झिजविलेले रूप तिच्यात नाही. इतिहास सांगितला गेला, पण शब्दांवर त्याचे ओरखडे उमटले नाहीत.

तरीही एक गोष्ट निर्विवाद राहते. ‘पुऽ’ हा प्रत्यय क्लिंगॉन वंशीयांसाठी राखीव नाही. जो बोलू शकतो, त्या प्रत्येकाला तो लागतो, शत्रूलाही. ‘बर्बर’ आणि ‘म्लेच्छ’ या शब्दांच्या मुळाशी परक्याची वाणी अस्फुट मानण्याची वृत्ती आहे. चित्रपटाने ज्यांना रानटी ठरविले, त्या समाजाच्या व्याकरणाने मात्र परक्याची वाचा मान्य केली आहे. पडद्यावरील प्रतिमा आणि भाषेची रचना यांतील हा विरोध पाहिला, म्हणजे ओक्रँड यांच्या ग्रंथाची गणना केवळ शब्दकोशांत करणे अन्यायाचे ठरेल.