भिक्षुणीसंघाचा लोकाश्रय : एका मताचें परीक्षण

प्राचीन भारतांतील भिक्षुणीसंघ लुप्त कां झाला, या प्रश्नाची चर्चा नॅन्सी फॉक या अमेरिकन विदुषीनें १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत केली आहे. उपासकांनीं भिक्षूंस सढळ हातानें दान दिलें, भिक्षुणींच्या वांट्यास त्या मानानें थोडें आलें, आणि या उपेक्षेनें त्यांचा संघ क्षीण झाला, असें तिचें सार आहे. अष्ट गुरुधर्मांनीं भिक्षुणींस दिलेल्या दुय्यम स्थानाचा परिणाम दात्यांच्या मनावर झाला, हें विवेचन मार्मिक खरें. परंतु महाराष्ट्रांतील लेखांशीं तें ताडून पाहिलें पाहिजे.

आमच्या लेण्यांत भिक्षुणी भेटतात त्या बहुधा दात्या म्हणून. कुडें येथें लेणें देणारी पदुमणिका ही नागणिका नांवाच्या प्रव्रजितेची कन्या असून दानांत तिच्या शिष्याही सहभागी आहेत. कान्हेरीस दान देणारी सापा ही धेनुकाकटच्या एका उपासकाची कन्या. सर्वसंगपरित्याग केलेल्या स्त्रीस लेणें खोदविण्याइतकें द्रव्य कोठून मिळालें ? तें आप्तांकडून किंवा उपासकांकडून आलें असलें पाहिजे. म्हणजे जेथें भिक्षुणी दात्री दिसते, तेथें तिच्या पाठीशीं उभा असलेला गृहस्थवर्गही वाचावयास हवा. घेणारी म्हणून तिचें नांव नाहीं, एवढ्यावरून तिला मिळालें नाहीं असें अनुमान काढणें घाईचें होय.

दुसरा मुद्दा वसतिस्थानाचा. विनयाच्या नियमांनीं भिक्षुणींस अरण्यवास वर्ज्य केला आहे. त्यांचे उपाश्रय स्वाभाविकच गांवांत, विटा, माती व लांकूड यांचे असणार. जुन्नरच्या एका लेखांत नगरांतील धर्मोत्तरीय भिक्षुणींच्या उपाश्रयाचा उल्लेख आहे, तो या दृष्टीनें फार मोलाचा. डोंगरांतील खडक टिकला, नगरांतील भिंती पडल्या. टिकलेल्या खडकावरूनच दानाचा ताळेबंद मांडला, तर भिक्षुणींच्या खात्यावर तूट दिसणें अपरिहार्य आहे.

सातव्या शतकांतील चिनी यात्रेकरू इत्सिंग भारतीय भिक्षुणींचें जीवन साधें व भिक्षेवर चालणारें असल्याचें सांगतो. या साक्षीवरून त्यांचें दारिद्र्य जसें सिद्ध होतें, तसेंच त्यांच्या पात्रांत रोज कोणीतरी अन्न घालीत होतें हेंही सिद्ध होतें. आमच्या मतें भेद दानाच्या मात्रेचा असण्यापेक्षां स्वरूपाचा अधिक होता. भिक्षुसंघास गांवें, शेतें व अक्षयनीवी मिळाल्या. भिक्षुणींस मुख्यत्वें रोजचा घांस. दुष्काळांत वा राज्यक्रांतींत घांस प्रथम बंद पडतो. फॉकबाईंच्या सिद्धान्तास ही पुरवणी जोडली, म्हणजे तो अधिक सुसंगत होईल.

हा प्रश्न जुन्या काळापुरता नाहीं. कन्हान नदी आंभोऱ्यास वैनगंगेस मिळते व पुढें वैनगंगेच्या कांठीं पवनी लागते. तेथें १९६९-७० सालीं देव व जोशी यांच्या उत्खननांत स्तूपांचे अवशेष व दात्यांचे त्रोटक लेख उजेडांत आले. याच नदीच्या वरच्या अंगास कन्हान व कामठी हीं गांवें आहेत, आणि १९५६ सालीं नागपूर येथें झालेल्या धम्मदीक्षेनंतर या टापूंत बौद्ध उपासकवर्ग पुन्हां उभा राहिला. १९९८ सालीं बोधगया येथें झालेल्या उपसंपदेनें भारतीय स्त्रियांसही भिक्षुणीपद लाभलें. कामठीचें ड्रॅगन पॅलेस मंदिर जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानांतून १९९९ सालीं उभें राहिलें. दात्रीचें नांव सर्वश्रुत आहे. परंतु वर्षावासांत भिक्षुणीस भोजन देणाऱ्या, चीवर पुरविणाऱ्या, विहाराच्या डागडुजीस आठवड्याच्या मजुरींतून वर्गणी काढणाऱ्या गृहिणीचें नांव कोठें कोरलें जात नाहीं. तें असलेंच तर पावतीपुस्तकांत, वर्गणीच्या वहींत, भोजनाच्या पाळीच्या यादींत असतें, आणि असले कागद रद्दींत जातात.

पोथ्या व सनदा जमविणाऱ्या संग्राहकांनीं या वह्यांकडेही लक्ष पुरवावें. कन्हान-कामठीकडील विहारांतील असें दप्तर आज नीट उतरून ठेवलें नाहीं, तर पुढील टीकाकार पुन्हां हाच निष्कर्ष काढील कीं, भिक्षुणींस कोणी विचारीत नव्हतें. आणि त्या वेळीं त्याचें खंडन करण्यास एकही पावती उरलेली नसेल.