चौकटीबाहेर आलेला दगड

दासबोधाच्या पहिल्याच समासात श्रोते ग्रंथाविषयीच विचारतात: हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितलं आहे, ऐकून काय मिळणार? मग ग्रंथ स्वतःची ओळख करून देतो. त्याचा कर्ता, समर्थ रामदास, 1608 साली जालना जिल्ह्यातल्या जांब या गावी जन्मला. घनसावंगी तालुक्यातलं हे गाव आता त्याच्याच नावाने जांब समर्थ म्हणून ओळखलं जातं. गोदेच्या याच पट्ट्यात, पैठणला, त्याच्या आधीच एकनाथांनी भारुडांतून जोशी, वासुदेव, विंचू चावलेला माणूस अशी सोंगं उभी केली होती. सोंग घेणारा बोलता बोलता सोंगाबाहेर येतो आणि समोर बसलेल्यांना थेट विचारतो, हे भाविकांना तेव्हापासून ठाऊक आहे. तमाशातली मावशी गवळणीत कृष्णाला अडवून गावच्या पाटलावर बोलते, तेव्हाही प्रेक्षक गोंधळत नाही.

उत्तर-आधुनिक म्हणून समीक्षेत जे सांगितलं जातं, म्हणजे कलाकृतीने स्वतःकडे बोट दाखवणं, विडंबन, प्रकारांची सरमिसळ, प्रेक्षकाला खेळात ओढणं, ते मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेलं आहे. म्हणून एखाद्या सिनेमात किंवा मालिकेत हे तंत्र सापडलं, एवढ्याने कौतुक करायचं कारण नाही. ते तिथे कोणतं काम करतं, हे पाहायला हवं.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मध्ये (2009) परेश मोकाशींनी ते फार जाणतेपणाने वापरलं. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (1913) जुळवाजुळव सांगताना त्यांनी मूकपटांची लगबग आणि खट्याळपणा सिनेमाच्या चालीतच मुरवला. तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहतात. याच साळुंक्यांनी पुढे ‘लंकादहन’मध्ये (1917) राम आणि सीता दोघांचीही कामं केली. भारतीय सिनेमाचा पहिला राम आणि पहिली सीता एकाच अंगात होती, आणि लोकांनी हात जोडले. भारूड पाहिलेल्या प्रेक्षकाला यात अडचण वाटली नसावी.

उमेश कुलकर्णींच्या ‘वळू’मध्ये (2008) कॅमेरा आला की सगळं गाव स्वतःची भूमिका करायला लागतं. ‘देऊळ’मध्ये (2011) मात्र खेळ गडद होतो. केशाला दत्त दिसतो, त्यावर देऊळ, देवळावर दुकानं, दुकानांवर राजकारण उभं राहतं. शेवटी मूर्ती जाते आणि तिच्या जागी दुसरी बसते. मूळ काय आणि नक्कल काय, हा प्रश्नच बाजार निकालात काढतो. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा सिनेमा मला मोलाचा वाटतो, पण त्याची एक मर्यादा जांबमध्ये उभं राहिल्यावर कळते. ऑगस्ट 2022 मध्ये इथल्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. सुमारे दोन महिन्यांनी पोलिसांनी त्या शोधून काढल्या. मधल्या काळात गावाला हव्या होत्या त्याच मूर्ती, पिढ्यांनी पाहिलेल्या. ‘देऊळ’ भक्तीचा बाजार अचूक ओळखतो. त्या बाजाराला न जुमानणारी ओढ त्याच्या विडंबनात फक्त केशाच्या वाट्याला येते. गाव तिला मुकलेलंच राहतं.

टीव्हीवर हे तंत्र सर्वांत जास्त दिसलं ते ‘चला हवा येऊ द्या’मध्ये. 2014 पासून या कार्यक्रमाने सिनेमे, मालिका, बातम्या सगळ्यांची सोंगं काढली. भाऊ कदम, कुशल बद्रिके यांच्या अंगात सोंगाड्याची खरी परंपरा आहे, त्यांच्या टायमिंगला तोड नाही. अडचण मांडणीत होती. ज्या सिनेमाची टिंगल चाले त्याचे कलाकार समोरच बसून हसत आणि शेवटी प्रदर्शनाची तारीख सांगून जात. ज्याची थट्टा करायची त्याच्याच परवानगीने केलेलं विडंबन कुणाला बोचत नाही. तमाशातली मावशी पाटलाची परवानगी घेत नसे.

बोचणं नागराज मंजुळ्यांकडे आहे. ‘फँड्री’त (2014) मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेणारं कुटुंब शाळेच्या भिंतीवरच्या फुले-आंबेडकरांच्या चित्रांसमोरून जातं. शेवटी त्या कुटुंबातला मुलगा जब्या दगड भिरकावतो, तो सरळ कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा अंधारतो. इतका वेळ अंधारात बसून बघणारे आपण त्या कुटुंबाला हसणाऱ्या गावात सामील होतो, हे त्या एका दगडाने सांगितलं. ‘सैराट’मध्ये (2016) त्यांनी याहून धाडसी काम केलं. पूर्वार्धात धंदेवाईक प्रेमपटाची सगळी भाषा घेतली: संथ गतीतली धाव, अजय-अतुलचा भरगच्च वाद्यमेळ, विहिरीतली उडी. प्रेक्षक थिएटरात नाचले. शेवटच्या मिनिटांत आवाजच काढून घेतला. ज्या संगीताने आपल्याला भुलवलं त्याचीच ती अनुपस्थिती होती. दोन्ही सिनेमांत तंत्र प्रेक्षकावर जबाबदारी टाकतं, आणि मराठी पडद्यावर गेल्या काही दशकांत या वाटेने झालेलं सर्वांत मोठं काम मी हेच मानतो.

अलीकडे आशिष बेंडेंचा ‘आत्मपॅम्फ्लेट’ (2023) याच वाटेवरचा. लेखन मोकाशींचं. एका पोराची प्रेमकहाणी आणि देशाचा इतिहास एकाच मिश्कील निवेदनात गुंफलेला आहे, आणि त्या मिश्कीलपणाखाली जातीचं दुखणं सतत ठसठसत राहतं. पदार्पणातल्या दिग्दर्शनासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. वाचकांना विनंती, तो अजून पाहिला नसेल तर घरातल्या शाळकरी पोरांना सोबत घेऊन पाहा.